मेसेज कोणाचा, गुन्हा कोणावर

रावेर-यावलकडच्या केळी भावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय, मेंबरने काहीही टाकलं तरी आत जाणार ॲडमिनच. तसं नाहीये भो. ॲडमिनला माणूस जोडता येतो, काढता येतो, आलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट पण करता येतो, पण पडायच्या आधी एकेक मेसेज वाचून अडवता येत नाही, मग दुसऱ्याच्या पोस्टचा दोष त्याच्यावर कसा टाकणार? २०२१ आणि २०२२ च्या हायकोर्ट निकालांतही तेच आहे, नुसता ॲडमिन म्हणून गुन्हेगार नाही. हां, त्याचं संगनमत असलं तर सुटका नाही. खात्री करायची तर घरच्या दोघांना घेऊन ग्रुप काढा न् सेटिंग उघडा, नवा मेंबर मंजूर करायचं बटण दिसेल, मेसेज मंजूर करायचं नाही.