एकट्या नायिकेचे बेळगावी पूर्वसूरी

प्रेमसंबंध तुटल्यानंतर सावरू पाहणाऱ्या बेळगावच्या तरुणीची एक मराठी कादंबरी अलीकडे वाचली आणि मन खट्टू झाले. तीनशे पानांत ती त्याचे जुने संदेश उघडते, मिटते, पुन्हा उघडते; तिच्या भोवतीचे घर, नोकरी आणि गाव मात्र धूसरच राहते. ही निराशा अधिक बोचते, कारण एकट्या पडलेल्या स्त्रीची मराठी कादंबरीतली वाट या शहराशी फार जुन्या नात्याने बांधलेली आहे.

मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी म्हणजे १८५७ची 'यमुनापर्यटन', आणि तिचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. प्रवासात विधवांचे हाल पाहणारी यमुना पुढे स्वतःच विधवा होते. पुस्तकात धर्मप्रचार उघड आहे, पण यमुनेचे दुःख कोणत्या रूढीतून आले, हे वाचकाला क्षणभरही विसरता येत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकातल्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीत यमूला स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडून सांगू दिली. १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहातून शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट बाहेर आली, तेव्हा केवढे वादळ उठले!

याच बेळगावात कवयित्री इंदिरा संत राहिल्या. १९४६ मध्ये पती गेल्यावर अध्यापन करत त्यांनी संसार ओढला, आणि १९५१च्या 'शेला'पासून पुढे विरह पावसातून, अंगणातून, संध्याकाळच्या उजेडातून व्यक्त केला. दुःखाचे नाव न घेता ते पोचवण्याचा हा धडा आपल्या गावातच लिहिला गेला आहे.

आजच्या नायिकेला केशवपनाचे भय नाही, हे चांगलेच झाले. पण म्हणून तिच्या दुःखाला परिसर उरला नाही, असे नव्हे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि मोडलेल्या नात्याची चर्चा दोन्ही भाषांत, हे सीमाभागातल्या मुलीचे रोजचे जगणे आहे. कादंबरीत ते एकदाच डोकावते: खडेबाजारात साखरपुड्याची साडी परत करताना दुकानदार कन्नडमध्ये कारण विचारतो, आणि ती मराठीत 'रंग आवडला नाही' एवढेच म्हणते. तेवढे पान मी दोनदा वाचले. पुढच्या पानावर ती पुन्हा फोन उघडते.