माशांची वेदना

माशांना दुखतं का, म्हणजे गळ तोंडात घुसला की त्यांना खरंच त्रास जाणवतो की नुसतं अंग आपोआप हलतं, हा प्राणिशास्त्रातला जुना वाद आहे. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर गळ टाकून बसलेल्या कोणाला विचारलं तर बहुतेक "त्याले काय समजते" हेच ऐकू येईल, आणि काही शास्त्रज्ञपण तेच म्हणायचे.

2003 मध्ये जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक ॲसिड टोचलं. मासे तळाशी डुलत राहिले, श्वास वाढला, बराच वेळ खाल्लं नाही, ॲसिडवाले तर ओठ खड्यांवर घासत होते, आणि मॉर्फिन हे दुखणं कमी करणारं औषध दिल्यावर हे डुलणं-घासणं कमी झालं. ज्यांना फक्त मिठाचं पाणी टोचलं ते लवकर खायला लागले. नंतर झेब्राफिशवर प्रयोग झाला, ॲसिड टोचलेले मासे आपली आवडती सजवलेली जागा सोडून ओसाड कप्प्यात जायला लागले कारण तिथल्या पाण्यात बधिर करणारं औषध होतं. हे आपोआप हलणं कसं म्हणायचं?

ऑस्ट्रेलियाचे मेंदूशास्त्रज्ञ ब्रायन की (Key) म्हणतात की माशांना निओकॉर्टेक्स हा मेंदूचा थरांचा भागच नाही, म्हणून वेदनेची जाणीव शक्य नाही. पण मग कोंबडीलाही तसा थरांचा निओकॉर्टेक्स नसतो, आणि तिला दुखतं यावर फारसं कोणी भांडत नाही, त्यामुळे हा मुद्दा लंगडाच वाटतो.

नागपूरच्या मच्छीबाजारात हा प्रश्न सगळ्यात जास्त मरळ आणि मांगूरच्या बाबतीत विचारायला पाहिजे. रोहू-कतला पाण्याबाहेर त्यामानाने लवकर मरतात, पण हे दोघं हवेतूनही श्वास घेऊ शकतात, म्हणून टबात जेमतेम पाणी असलं तरी तासन्‌तास जिवंत राहतात आणि "जिवंत आहे, ताजा आहे" म्हणून विकले जातात, म्हणजे ज्या गुणामुळे त्यांना भाव येतो त्याच गुणामुळे त्यांचा त्रास लांबतो. जपानमध्ये इकेजिमे पद्धतीत मेंदूत टोकदार सळई घालून मासा क्षणात मारतात, मांसही चांगलं राहतं.

आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जिवंत प्राणी येतो, म्हणजे मासापण. खाण्यासाठी मारायला सूट आहे, पण विनाकारण वेदना दिली तर ती सूट लागू होत नाही.