शिकारदर्शन (मसाई मारा–सेरेंगेटी)

सिंह, चित्ता, बिबट्या, ठिपकेदार तरस यांना शिकार करताना आणि ती खाताना सफारीच्या गाडीतून पाहणे, याला येथे शिकारदर्शन म्हटले आहे. केनियातील मसाई मारा राखीव क्षेत्र (सुमारे १,५१० चौ. किमी.) आणि त्याला लागूनच असलेले टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान (१४,७६३ चौ. किमी.) ही त्याची सर्वांत प्रसिद्ध ठिकाणे. ताडोबात वाघ रस्त्यावर दिसतो, पण शिकार सहसा बांबूच्या बेटाआड उरकते. इथे उघडा माळ असल्याने दबा धरण्यापासून शेवटच्या हाडापर्यंत सगळे नजरेच्या टप्प्यात घडू शकते.

हंगाम सावजावर ठरतो. जानेवारीअखेर ते मार्च या काळात दक्षिणेकडील न्दुटूच्या आखूड गवतावर विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या कुरंगाच्या माद्या वितात. बहुतेक पाडसे दोन-तीन आठवड्यांत जन्मतात आणि शिकाऱ्यांची चंगळ होते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये कळप मारा नदी ओलांडतात. पात्रात मगरी असतात, काठावर सिंह. एप्रिल-मेच्या पावसानंतर गवत कमरेएवढे वाढते. ते सिंहाच्या पथ्यावर पडते, पाहणाऱ्याच्या नाही.

पूर्ण शिकार पाहायची तर चित्ता निवडावा, कारण तो प्रामुख्याने दिवसा शिकार करतो. पोट खपाटीला गेलेला, वारुळावर चढून एकाच दिशेला टक लावणारा चित्ता दिसला की इंजिन बंद करून दूर थांबावे. थॉमसन गॅझेल या लहान कुरंगाने मान खाली घातली की तो पुढे सरकतो, तिने वर पाहिले की जागीच थिजतो. हा खेळ तासभरही चालतो. पाठलाग मात्र बहुधा मिनिटभराच्या आत आणि काहीशे मीटरांत संपतो. बोत्स्वानातील चित्त्यांना गळपट्टे बसवून केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत कमाल वेग ताशी ९३ किमी. निघाला, पण बहुतेक पाठलागांत तो त्याच्या जवळपासही गेला नव्हता. वेगापेक्षा एकदम थबकून वळण्यात खरी कसरत असते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे अंगठ्यासारखे नख अडकवून तो सावज पाडतो आणि गळा दाबून धरतो. गुदमरून मरायला काही मिनिटे लागतात. मग तो लगेच खात नाही. धापा टाकत आजूबाजूला बघत बसतो. तरस आले तर शिकार सोडून निघून जातो, आणि ते शहाणपणाचेच असते : पाय दुखावला तर पुढची शिकार नाही.

बेत फसतो तो बहुतेक वेळा गाड्यांमुळे. वायरलेसवर बातमी फुटते, गाड्या धावत येतात आणि नेमक्या चित्ता व सावज यांच्यामध्ये उभ्या राहतात. सावजाने एकदा त्याला पाहिले, सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या आणि गॅझेल ताठ पायांनी उड्या मारू लागली, की ती शिकार बहुधा संपलीच. मसाई मारात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पर्यटकांची गर्दी कमी असलेल्या भागात एका मादीमागे सरासरी २.३ पिल्ले मोठी झाली, गर्दीच्या भागात ०.२. एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत आणि अंतर किमान २५ मीटर हवे, हे नियम म्हणूनच आहेत. ते धाब्यावर बसवणारे चालक कमी नाहीत. नदीकाठी तर कळपाच्या उतरण्याच्या वाटेत गाडी लावली की हजारो जनावरे मागे फिरतात. चालकाला बक्षिशीचे आमिष दाखवून ‘अजून जवळ’ म्हणणारा प्रवासी यात तितकाच दोषी असतो.

सिंहांचे बरेचसे काम रात्री चालते. राखीव क्षेत्रात रात्री गाडी फिरवता येत नाही, शेजारच्या मसाई लोकांच्या जमिनींवरील खासगी संरक्षित क्षेत्रांत ती मुभा असते. दिवसा सिंह बहुतेक वेळ लोळतच असतो. मात्र कळपाने म्हैस पाडली तर तिचा जीव जाईपर्यंत बराच वेळ जातो, आणि तो हंबरडा अनेकांना सहन होत नाही. ठिपकेदार तरस तर गळा धरतच नाहीत. धावत्या जनावराचे पोट फाडतात आणि ते जिवंत असतानाच खाऊ लागतात. लहान मुले बरोबर असतील तर कुठे थांबायचे नाही, हे चालकाला आधीच सांगून ठेवावे. तरस फक्त उष्टे खातो हा समज चुकीचा आहे. तो आपले बरेचसे अन्न स्वतः मारतो आणि कित्येकदा सिंहच त्याच्याकडून हिसकावतात.

खाण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. चित्ता भराभर मांस ओरबाडतो, मोठी हाडे सोडतो. बिबट्या शिकार झाडावर ओढून नेतो, त्यामुळे फांदीवरून लोंबणारा पाय दिसला तर संध्याकाळी तिथे परत यावे. तरस हाडे फोडून गिळतो; त्याची विष्ठा वाळून खडूसारखी पांढरी होते ती त्यामुळेच. जाड कातडे फाडायला मोठे लॅपेट-फेस्ड गिधाड लागते; पांढऱ्या पाठीची गिधाडे गर्दीने येतात, पण त्यांची चोच मऊ मांसाची. आकाशातून एकामागून एक गिधाडे तिरकी खाली येत असतील तर त्या दिशेला जावे. ती झाडावरच बसून राहिली असतील तर खाणारे श्वापद अजून जागेवर असण्याची शक्यता मोठी.