गाइड डॉगची पिल्लं घराघरांत कशी पोहोचली

अंधांना वाट दाखवणारा गाइड डॉग म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हार्नेस (धरायला मूठ असलेला पट्ट्यांचा साज) घातलेला, शांत, पोक्त कुत्रा. तसा होण्याआधी तो वर्षभर कुणाच्या तरी घरी चपला कुरतडत असतो, हे फारसं ध्यानात येत नाही. अमेरिका-ब्रिटनमधल्या संस्था दोनेक महिन्यांचं पिल्लू स्वयंसेवक कुटुंबाकडे सोपवतात आणि सव्वा-दीड वर्षाचं झालं की प्रशिक्षणासाठी परत नेतात. सुरुवातीला मात्र असं काही नव्हतं.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गला पहिली शाळा काढली. अशा एका जर्मन शाळेचं काम पाहून डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये ‘सॅटरडे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वडिलांनी वाचून दाखवला. पुढच्याच वर्षी तो स्वित्झर्लंडला युस्टिसबाईंकडे जाऊन बडी नावाची कुत्री घेऊन आला आणि १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये म्युरिएल क्रुक आणि रोझामंड बाँड यांनी १९३१ मध्ये वॉलसी गावात, भाड्याच्या गॅरेजातून, अंध माणूस आणि कुत्रा अशा पहिल्या चार जोड्या तयार केल्या. या काळात कुत्रा बहुतेक वेळा यायचा तो मोठा झालेलाच, विकतचा नाहीतर कुणी दिलेला. त्याचं लहानपण कुठे, कसं गेलं याची चौकशी कोण करणार?

संस्था स्वतःच पैदास करू लागल्या तेव्हा हा प्रश्न दारात आला. पिल्लू जन्मल्यापासून शिकण्याजोगं होईपर्यंत ठेवायचं कुठे? सीइंग आयने १९४२ मध्ये न्यू जर्सीतल्या ‘फोर-एच’ मंडळांना हाताशी धरलं. ही प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या मुलांची मंडळं. वासरू, डुक्कर, कोंबड्या वाढवायच्या आणि जत्रेत दाखवायच्या, हा त्यांचा नेम. माझ्या मते निवड अचूक होती. जनावर जीव लावून वाढवायचं आणि एक दिवस देऊन टाकायचं, हे त्या पोरांना नवं नव्हतं.

तरीही घर म्हणजे तेव्हा बरीचशी सोयच होती. ती गरज आहे हे दाखवलं कॅलिफोर्नियातल्या क्लॅरेन्स फाफेनबर्गर या स्वयंसेवकाने. ‘गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड’ या संस्थेत १९४६ च्या सुमारास प्रशिक्षणाला घेतलेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम ९ टक्के पार पडत. त्यांनी पिल्लांच्या चाचण्या सुरू केल्या आणि मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेतले, प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक जॉन पॉल स्कॉट यांच्याबरोबर नोंदी ताडून पाहिल्या. त्यातून १९५९ मध्ये जे छापून आलं, ते चकित करणारं होतं. चाचणी उत्तीर्ण होऊन आठवड्याभरात घरी गेलेल्या पिल्लांपैकी सुमारे ९० टक्के गाइड डॉग झाली. तीन आठवड्यांहून जास्त काळ केनेलमध्ये, म्हणजे संस्थेच्या कुत्राघरात, अडकलेल्यांपैकी फक्त ३० टक्के. चाचणीत दोघंही पास, आईबापही तशाच वाणाचे. फरक एवढाच की एकाला माणसांची ये-जा, जिना, रस्त्यावरचा गोंगाट वेळेवर भेटला, दुसऱ्याला नाही.

ब्रिटनमध्ये ही योजना १९५६ मध्ये आली आणि तिला नाव पडलं ‘पपी वॉकिंग’. शब्द तिथे जुनाच होता. कोल्ह्यांच्या शिकारीसाठी पाळलेल्या हाउंडची पिल्लं आसपासच्या शेतकऱ्यांकडे वाढायला ठेवत, त्याला हेच म्हणत. अलीकडे तिकडेही ‘पपी रेझर’ रुळलं आहे.

पिल्लू वाढवणारे हे लोक त्याला वाट दाखवायला शिकवतात, असा समज आहे. तो चुकीचा. ते काम प्रशिक्षकाचं. घरच्यांनी बाजार, बस, लिफ्ट, पाऊस दाखवायचा आणि शिस्त लावायची. ब्रिटनमध्ये वाटी भरली की तीनदा शिट्टी वाजवायची, मगच पिल्लाने तोंड घालायचं. पुढे मैदानात मोकळा सोडलेला कुत्रा त्याच शिट्टीने परत येतो. ‘बिझी, बिझी’ म्हटलं की शी-शू उरकायची, म्हणजे अंध मालकाला जागा शोधत फिरावं लागत नाही. ताटातला घास मात्र अजिबात द्यायचा नाही, नाहीतर उद्या हॉटेलात त्याचं नाक शेजारच्या टेबलावर.

पुढे तुरुंगही यात आले. ‘पपीज बिहाइंड बार्स’ या संस्थेने १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्स इथल्या स्त्रियांच्या तुरुंगात पिल्लं ठेवली. कैद्यांपाशी वेळ भरपूर. लिफ्ट आणि बाजार दाखवायला मात्र पिल्लांना बाहेरच न्यावं लागतं.

सीइंग आयमध्ये प्रशिक्षण संपत आलं की वाढवणाऱ्या कुटुंबाला संस्थेच्या गावी, न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला बोलावतात. कुत्रा प्रशिक्षकाबरोबर हार्नेसमध्ये रस्ता ओलांडतो आणि घरचे दुरून, त्याला कळू न देता, पाहतात. हाक मारायची नाही. आणि कुत्रा नापास झाला, तर घरी नेता का, हे आधी त्यांनाच विचारतात. त्यामुळे निकालाच्या दिवशी घरातली धाकटी मंडळी नेमकी कशासाठी देवाला हात जोडत असतील, हे सांगणं अवघड आहे.