पितळ, कासव आणि पारा

सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पितळ त्याआधीच, साधारण ९०० ते ९५० अंशांना पाघळतं. म्हणजे वितळलेलं सोनं पितळेवर ओतायला गेलं, तर खालची मूर्तीच राहायची नाही. तरीही जुन्या फ्रेंच कपाटांवरचे मुखवटे, वेली आणि सिंहाचे पंजे सोन्यानं मढवलेले आहेत, आणि अडीच-तीनशे वर्षांनंतरही त्यांची झळाळी टिकून आहे.

या कामातलं सर्वांत मोठं नाव आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२). १६७२ मध्ये चौदाव्या लुईनं त्याला लूव्र राजवाड्यात जागा दिली. पॅरिसमधल्या कारागीर-संघांचे नियम कडक होते: सुतारानं सुतारकाम करावं, धातूचं काम ओताऱ्यानं. राजाश्रय मिळाल्यामुळे बूलला दोन्ही करायची मोकळीक होती.

त्याच्या कपाटांवरचं जडावकाम पितळ आणि कासवाच्या कवचाचं. कवच म्हणजे केराटिन, आपल्या नखांतलंच द्रव्य. उष्णतेनं ते मऊ पडतं, मग दाबून सपाट करता येतं. कवच आणि पितळ यांचे पातळ पत्रे एकावर एक ठेवायचे आणि बारीक करवतीनं दोन्ही एकदमच कापायचे. एका कापात दोन नक्ष्या तयार! एकीत कवचावर पितळी वेल, दुसरीत पितळेवर कवचाची. जोडीच्या कपाटांत एकाला ही, दुसऱ्याला ती, असा प्रकार त्यातूनच आला. कवच लागे ते हॉक्सबिल कासवाचं. आज त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

हे सगळं लाकडावर चिकटवलेलं असतं सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदानं. इथून भांडण सुरू होतं. लाकूड आडव्या दिशेनं ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं ते याचमुळे. पितळेला ओलाव्याशी देणंघेणं नाही, ते उष्णतेनं वाढतं: एक मीटरची पट्टी २० अंशांनी तापली की सुमारे ०.४ मिलिमीटरनं लांब होते. हवा कोरडी पडली की सरस ठिसूळ होतो, आणि पितळी पट्टीचं टोक उचकटून वर येतं. संग्रहालयं आर्द्रता शक्य तितकी स्थिर ठेवतात ती म्हणूनच.

आता सोन्याकडे. पारा सोन्याला सामान्य तापमानालाही स्वतःत सामावून घेतो. त्या मिश्रणाला पारदमेल म्हणतात. हा मऊ लगदा ब्रशनं धातूवर फासायचा (आधी पृष्ठभागाला पाऱ्याच्या नायट्रेटचा हात द्यायचा, म्हणजे तो धरून राहतो) आणि मग वस्तू निखाऱ्यांवर तापवायची. पारा ३५७ अंशांना उकळतो. वाफ होऊन निघून जातो आणि सोन्याचा पातळ थर धातूला घट्ट धरून राहतो. शेवटी अकीकाच्या दगडानं घासून चमक आणायची.

ती वाफ मात्र भट्टीजवळ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांत जायची. हात थरथरणं, दात हलणं, अकाली मरण हे या धंद्याचं ठरलेलं होतं. ब्राँझकार रॅव्हरिओनं आपल्या मृत्युपत्रात कामगारांना या विषापासून वाचवणाऱ्याला ३,००० फ्रँक ठेवले. १८१८ मध्ये ते रसायनशास्त्रज्ञ दार्सेला मिळाले. त्याची युक्ती साधी होती: खेचाची चिमणी असलेली बंदिस्त भट्टी, म्हणजे वाफ कामगाराच्या तोंडाकडे न येता वर जाते. बाहेरच्या हवेचं काय, हा प्रश्न तिनं सुटला नाही. १८४० च्या दशकात विजेच्या साहाय्यानं मुलामा देणं रुळू लागलं आणि पारा मागे पडू लागला.

पण पारा पुरता जात नाही. त्याचा थोडा अंश सोन्यात अडकूनच राहतो, आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या उपकरणानं, वस्तूला ओरखडाही न पाडता, तो ओळखता येतो. विक्रेता अठराव्या शतकातलं म्हणून कपाट दाखवत असेल आणि मुलाम्यात पाऱ्याचा मागमूस नसेल, तर किमान तो मुलामा नंतरचा असल्याचा संशय घ्यावा. पारा सापडला म्हणून मात्र लगेच खूश होऊ नये: एकोणिसाव्या शतकात बूलच्या धाटणीच्या नकलाही ढिगानं बनल्या, आणि त्यांतल्या कित्येकांवर पाऱ्याचाच मुलामा आहे.