जुलैत खिडकीला रंधा लावू नका

गिरगावातल्या आमच्या घराची पश्चिमेकडची खिडकी दर पावसाळ्यात अडायची. एका जुलैत सुताराला बोलावून दोन्ही झडपांच्या कडा तासून घेतल्या. जानेवारीत मधल्या फटीतून रस्त्यावरचा दिवा दिसू लागला. जूनच्या पहिल्या सरी तर, लाकूड फुगायच्या आधीच, तिथूनच आत आल्या.

कापून शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि सोडतं. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, फुगतं ते रुंदीत. म्हणून झडपेची आडवी पट्टी निर्दोष, फुगतात त्या दोन उभ्या पट्ट्या. सागवानाचा ओलावा एक टक्क्याने वाढला की रुंदी जास्तीत जास्त ०.१९ टक्के वाढते. प्रत्येक उभी पट्टी ७५ मिलिमीटर रुंद असेल आणि ओलावा १० वरून १८ टक्क्यांवर गेला, तर एक झडप दोन मिलिमीटरहून जास्त रुंद होते. दोन झडपांचे मिळून चार मिलिमीटरच्या वर. सुताराने तेवढंच तासलं होतं, आणि हिवाळ्यात लाकूड तेवढंच आक्रसलं.

खरा इलाज ओलाव्याची वाट अडवण्याचा. लाकडाच्या नळ्या उभ्या पट्टीच्या टोकाशी उघड्या असतात, तिथून पाणी सर्वांत भराभर वर चढतं. आणि रंगारी झडप न काढता रंगवतो, त्यामुळे नेमकी तळाची कड कोरी राहते! एप्रिल-मे महिन्यांत झडप बिजागऱ्यांवरून उतरवा, सावलीत वाळू द्या, तळाचे सांधे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक सहज रुतलं तर तिथे बुरशी लागली आहे. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. कुजलेलं लाकूड टणक भागापर्यंत कापून सागवानाचाच तुकडा बसवा, मग तळासह सगळ्या कडांना प्रायमर आणि रंग द्या.

जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी लावून घासा, मुलांना दूर ठेवा.

काचेभोवतीची लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, तडकली असेल तर खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून नवी भरा. हे तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट होतं. त्यात उष्णता निघते, म्हणून तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवा.

खिडकीच्या तळाशी बाहेर आलेल्या उंबरपट्टीच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेजवळ, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एक खाच असते. पाणी पट्टीला चिकटून भिंतीकडे सरकू पाहतं, खाचेशी अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं. आमच्या खिडकीची खाच रंगाच्या थरांनी बुजली होती.

एवढं करूनही झडप अडलीच, तर जुलैत घासणाऱ्या जागी पेन्सिलीने खूण करा. रंधा मे महिन्यात, त्या खुणेपुरताच, आणि तासलेल्या जागी त्याच दिवशी प्रायमर.