जायंट सेल ट्युमर आणि रेडिएशन: बदनामी कुठून आली?

हाडातल्या जायंट सेल ट्युमरला रेडिएशन म्हटलं की घरचे लगेच विचारतात, गाठ साधी आहे ना, मग शेक कशाला, त्यानेच कॅन्सर होतो म्हणतात. आता ही भीती काही उगाच नाहीये, पण तिच्यातला बराच दोष जुन्या मशीनचा आणि थोडा चुकलेल्या निदानाचा आहे.

गाठीचं पहिलं वर्णन लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी 1818 मध्ये केलं. 1860 मध्ये फ्रान्सच्या नेलातोंने दाखवलं की ही गाठ आहे त्या जागीच हाड खात सुटते. 1912 मध्ये बाल्टिमोरच्या ब्लडगुडने आजचं नाव रूढ केलं आणि ही गाठ साधी आहे, उगाच पाय कापू नका, खरवडून काढा असा आग्रह धरला. पेशंट बहुतेक विशी ते चाळिशीतले, गाठ गुडघ्याजवळ नाहीतर मनगटाजवळ. क्वचित फुफ्फुसातही जाते, पण एकूण माणूस जगतो. हे जगणंच पुढे महत्त्वाचं ठरलं.

एक्स-रे 1895 चा, आणि काही वर्षांतच तो गाठींवर वापरायला लागले. तेव्हाच्या मशीन साधारण 200-250 किलोव्होल्टच्या. एवढ्या कमी एनर्जीत हाडातलं कॅल्शियम आजूबाजूच्या मांसापेक्षा खूप जास्त किरण शोषून घेतं, म्हणजे कागदावर एक डोस आणि हाडाला प्रत्यक्षात त्याहून बराच मोठा, वर गाठ परत आली की पुन्हा तोच कोर्स, कधी तिसऱ्यांदा पण. त्यात निदानाचा गोंधळ. मायक्रोस्कोपखाली मोठाल्या पेशी दिसल्या की झालं जायंट सेल ट्युमर, मग ती पॅराथायरॉइडच्या (गळ्यातल्या ग्रंथीच्या) आजारातली ब्राऊन ट्युमर असो की दुसरीच एखादी हाडाची गाठ. 1940 मध्ये जॅफे, लिश्टनस्टाइन आणि पोर्टिसने हे वेगवेगळं करायला घेतलं. त्यामुळे त्याआधीचे "रेडिएशनने बरे झाले"चे आकडे आणि "बिघडले"चे आकडे, दोन्ही मी तरी जपूनच वाचतो.

मग 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधून कॅहन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, रेडिएशन दिलेल्या हाडात पुढे सार्कोमा म्हणजे हाडाचा कॅन्सर झालेल्या 11 पेशंटचा. त्यांनी नियमच घालून दिले: सार्कोमा किरण दिलेल्या भागातच हवा, मध्ये काही वर्षं गेलेली हवीत, नवी गाठ जुन्यापेक्षा वेगळी हवी. आता विचार करा, वाईट कॅन्सरच्या पेशंटला वीस वर्षांनी काय होईल हा प्रश्न तेव्हा फारसा यायचाच नाही, पण पंचविशीत साध्या गाठीसाठी शेक घेतलेला माणूस चाळीस वर्षं जगणार, म्हणजे दुष्परिणामाला भरपूर वेळ. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नोंदींतही मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सर झालेल्या गाठींत आधी रेडिएशन घेतलेलेच बरेच निघाले. झालं, ऑर्थोपेडिकच्या पिढ्यांना शिकवलं गेलं की इथे रेडिएशन नको.

आणि हातापायांसाठी ते बरोबरच होतं, कारण तोवर सर्जरी पुढे गेली होती. अमेरिकन सर्जन मार्कोव्हने खरवडल्यावर उरलेली पोकळी लिक्विड नायट्रोजनने गोठवायला सुरुवात केली, कुणी उरलेल्या पेशी मारायला फिनॉल लावलं, 1970 च्या दशकात पोकळीत बोन सिमेंट भरायची पद्धत रुळली. नुसतं खरवडलं तर गाठ परत यायचं प्रमाण मोठं, बर (हाड घासणारं वेगवान ड्रिल) आणि सिमेंटने ते बरंच खाली आलं. आपल्याकडे या गाठी पाश्चात्य देशांपेक्षा जास्त दिसतात, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधूनही यावर चांगलं लिखाण आलेलं आहे.

अडचण फक्त सेक्रम (कण्याच्या तळाचं हाड), मणका आणि कवटीचा तळ इथे. सेक्रममधली गाठ पूर्ण काढायला गेलं तर लघवी-संडासचा ताबाच जायचा. इथेच रेडिएशन परत आलं, पण वेगळ्या मशीनवर. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्टची मशीन आली, मग लिनॅक म्हणजे विजेवर जास्त एनर्जीचे किरण तयार करणारी मशीन. या जास्त एनर्जीत हाड आणि मांस जवळपास सारखंच शोषतात, जुना घोळ मुळातच संपतो. साधारण 45 ते 55 ग्रे (किरणांच्या डोसचं माप), पाच-साडेपाच आठवड्यांत, आणि पेशंटच्या बऱ्याच अभ्यासांत 80 टक्क्यांच्या आसपास गाठ आटोक्यात. फक्त गाठ लगेच गायब होत नाही, महिनोन्‌महिने तशीच दिसते, कडेने हाड भरत जातं, आणि घरचे प्रत्येक एमआरआयला घाबरतात.

सध्याची कॉम्बिनेशन ट्रीटमेंट मात्र डेनोसुमॅब या इंजेक्शनभोवती फिरते. 2010 च्या ट्रायलमध्ये तपासता आलेल्या 35 पैकी 30 पेशंटमध्ये परिणाम दिसला, 2013 मध्ये अमेरिकेत मंजुरी. कारण सोपं आहे, मोठ्या पेशी या खऱ्या गाठीच्या नाहीतच, आतल्या दुसऱ्या पेशी त्यांना रँक-एल नावाच्या सिग्नलने बोलावतात आणि औषध तोच सिग्नल अडवतं. पण त्या बोलावणाऱ्या पेशी मरत नाहीत, इंजेक्शन थांबलं की गाठ परत येऊ शकते, आणि औषधाने कडक झालेल्या हाडाच्या कवचात पेशी लपल्या की खरवडताना त्या राहून जातात. म्हणून सेक्रमला आधी रक्तवाहिनी बंद करणं म्हणजे एम्बोलायझेशन, मग इंजेक्शन, मग जमेल तेवढी सर्जरी, आणि तरीही उरलं तर रेडिएशन, असा क्रम पेशंटनुसार बसवतात.

आणि आता डेनोसुमॅबनंतर सार्कोमा झाल्याच्याही केसेस छापून आल्यात. हे औषधामुळे झालं की पहिल्या बायोप्सीतच सार्कोमा सुटला होता, यावर डॉक्टरांत वाद चालू आहे.